मुलीला थांबवू नका, वाट नीट करा

(जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील महिला मंडळांच्या व बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



कालपासून आपण या शिबिरात रेशन, हिरड्याचा भाव, गावातली दारू आणि घरातली मारहाण या विषयांवर बोलतो आहोत. आज मला विषय दिला आहे 'मुलींचे धावणे'. फळ्यावर तो लिहिला तेव्हा मागच्या रांगेत हसू आले. एका मावशींनी विचारले, "आम्ही जन्मभर पळतोच आहोत, आता आणखी कशाला पळायचं?" मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. आपण पळतो ते कोणासाठी, कोणत्या वाटेने, आणि त्या वाटेवर आपला हक्क किती, हेच मला आज बोलायचे आहे.

आधी वाटांबद्दल. आपल्या दोन्ही तालुक्यांचा पश्चिमेकडचा भाग म्हणजे सह्याद्रीची धार. आहुपे, भीमाशंकर, हातवीज, दुर्गावाडी, नाणेघाट ही सगळी गावे-ठिकाणे त्या धारेवर किंवा धारेला लागून. तिथे डांबरी रस्ता पोचला तो काल-परवा. त्याआधी शेकडो वर्षे माणसे पायवाटेनेच जात होती. वाडीतून पाणवठ्यावर, पाणवठ्यावरून शेतावर, शेतावरून रानात, रानातून पठारावर, आणि घाट उतरून खाली कोकणात. या वाटा कोणी इंजिनिअरने आखल्या नाहीत. पायांनीच त्या पाडल्या, आणि त्यातले निम्म्याहून अधिक पाय बायकांचे होते.

नाणेघाटातल्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला मोठा शिलालेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो. तिच्या काळातल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची त्यात नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या व्यापारी वाटेवर एका राणीचे नाव कोरले गेले, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. पण त्याच घाटाने डोक्यावर ओझे घेऊन चढल्या-उतरल्या त्या बायकांची नोंद कोणत्याही दगडावर नाही. त्यांची नोंद म्हणजे ती झिजलेली वाट.

वाटा बुडाल्याही आहेत. डिंभे धरण झाले तेव्हा शेते आणि घरे पाण्याखाली गेली. ज्या गावाचे नाव आपल्या तालुक्याला आहे ते जुने आंबेगावही त्याच पाण्याखाली आहे. पुनर्वसनाच्या कागदावर जमीन लिहिली गेली, घर लिहिले गेले. पण माहेरी जायची वाट, हिरड्याच्या झाडांकडे जायची वाट, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत सुईणीला बोलवायला जायची वाट कोणत्या कागदावर लिहिली होती? वाट ही मालमत्ता मानली जात नाही. म्हणून ती गेली तरी कोणी भरपाई मागत नाही.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. आपण जन्मभर पळतो हे खरे आहे. हंडा भरायला, सरपणाचा भारा आणायला, बाळहिरडा गोळा करायला, एसटी गाठायला, पोराला दवाखान्यात न्यायला आपण पळतो. मी समाजकार्याचे शिक्षण घेत होते तेव्हा गावपाहणीच्या तक्त्यात एक रकाना असायचा, 'पाण्यासाठी रोज किती अंतर चालता?' तो रकाना हवाच होता. त्याच्या जोरावर आपण टँकर मागितले, नळयोजना मागितल्या. पण 'काहीही काम नसताना शेवटच्या वेळी या वाटेवर कधी गेलात?' असा रकाना मी कुठल्याच तक्त्यात पाहिला नाही.

बाई वाटेवर दिसली की तिला पहिला प्रश्न येतो, "कुठं निघालीस?" आणि उत्तरात काम असावे लागते. हातात कळशी असेल, कमरेला विळा असेल, कडेवर मूल असेल तर प्रश्न मिटतो. रिकाम्या हाताने निघालेल्या बाईचा प्रश्न मिटत नाही. पुरुष पारावर बसला, पठारावर हिंडून आला, तर त्याला कोणी काम विचारत नाही. डोक्यावर ओझे असेल तर वाट आपली. ओझे खाली ठेवले की आपण वाटेवर परक्या. मुलींच्या धावण्याचा प्रश्न इथून सुरू होतो.

मुली का धावतात?

आज पश्चिमेकडच्या वाड्यांतून मुली पहाटे धावताना दिसतात. त्याचे एक साधे कारण आहे, भरती. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावावे लागते आणि गोळा फेकावा लागतो. वनरक्षकाच्या भरतीत मुलींना ३ किलोमीटर धावावे लागते. महाराष्ट्राचे पहिले महिला धोरण १९९४ साली आले, सरकारी नोकरीत बायकांना ३० टक्के जागा राखीव झाल्या. त्या जागा कागदावर आहेत. आपल्या वाडीतली मुलगी तिथपर्यंत पोचणार कशी, तर पळत. तिच्याकडे शिकवणीचे पैसे नाहीत, तालुक्याला खोली घेऊन राहायची ऐपत नाही, धावपट्टी असलेले मैदान नाही. तिच्याकडे आहे ती वाट.

आणि वाट चांगली आहे. तुम्ही सगळ्या ती ओळखता. वाडीच्या देवळापासून निघायचे, भाताच्या खाचरांच्या बांधाने थोडे सपाट जायचे, मग चढ लागतो. चढावर देवराईची कड लागते. तिथे जांभूळ, अंजनी, हिरडा, आणि जुन्या झाडांवर चढलेला गारंबीचा जाड वेल. आत ऊन पोचत नाही, पायाखाली पाल्याचा थर असतो. देवराई संपली की पठार. पठारावर मोकळे पळता येते, आणि मग उताराने परत. चढाने छाती तयार होते, पाल्यावरून पळताना गुडघ्यांना दणके कमी बसतात. शहरातली माणसे आता हेच करायला पैसे खर्चून डोंगरात येतात, आणि त्याला 'ट्रेल रनिंग' म्हणतात.

पण सगळ्याच मुली भरतीसाठी धावत नाहीत. एका मुलीला मी विचारले, "भरती झाली की धावणं बंद करशील?" ती म्हणाली, "ताई, पळताना डोकं शांत होतं. घरात तेवढा वेळ मला कोणी हाक मारत नाही." दिवसातला अर्धा तास कोणी हाक मारत नाही, एवढेच ती मागत होती. भरतीचे कारण सांगितल्याशिवाय मात्र तिला तो अर्धा तास मिळाला नसता.

कोण थांबवते?

आंबेगावच्या पश्चिमेकडच्या एका गावातली गोष्ट सांगते. गावाचे नाव घेत नाही, कारण मुली तिथेच राहतात. तिथे पाच मुली रोज पहाटे धावत होत्या. पूर्वेकडून बिबट्याच्या हल्ल्यांच्या बातम्या यायला लागल्या. गावातल्या जाणत्या माणसांनी बसून ठरवले, मुलींचे धावणे बंद. बैठकीला मुलींना बोलावले नव्हते, त्यांच्या आयांनाही नव्हते. त्याच वाटेवर त्याच वेळी धावणारी गावातली मुले मात्र दुसऱ्या दिवशीही धावली.

बिबट्याची भीती खोटी आहे असे मी अजिबात म्हणणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले आणि एक म्हातारी बाई गेली, लोक रस्त्यावर उतरले. जुन्नर भागाला हे दुःख नवे नाही. २००१ ते २००३ या काळात इथे हल्ले फार वाढले होते. तेव्हा बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम चालली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की मोहिमेआधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, मोहीम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर शांत बसत नाही. म्हणजे 'उचला आणि दुसरीकडे टाका' हा उपाय जनावराच्या बाबतीतही फसला. मुलीला उचलून घरात टाकणे हा त्याच जातीचा उपाय आहे.

आता थोडा विचार करा. बिबट्या आज अधिक करून कुठे आहे? धरणे झाली, कालवे आले, पूर्व भागात ऊस आला. उसात आडोसा, पाणी आणि कुत्री-शेळ्यांची शिकार मिळते, म्हणून तो उसात राहायला आला, तिथे पिल्ले वाढवू लागला. उसाच्या कडेला वाकून गवत कापणारी बाई त्याच्या समोर असते. वाकलेले, बसलेले माणूस लहान दिसते आणि धोक्यात येते, हे वनखात्याची माणसेही गावोगाव सांगतात. संध्याकाळी अंधारात बाहेर शौचाला बसणारी बाई धोक्यात असते. रात्री वीज येते म्हणून पाणी धरायला जाणारे जोडपे धोक्यात असते. यातले काही बंद करायची बैठक कोणी घेतली का? "आजपासून आमच्या बायका गवताला जाणार नाहीत, आम्ही जाऊ," असे कोणी म्हणाले का? नाही. कारण ते काम घराचे आहे. जे मुलीचे स्वतःचे आहे तेच सर्वांत आधी बंद होते. खरी भीती असती तर ती सगळ्या कामांना सारखी लागू झाली असती.

दुसरी गोष्ट माणसांची. मुलींना एकेकटीला विचारा, त्या बिबट्याचे नाव नंतर घेतात. आधी सांगतात मोटारसायकलवरून मागे येणाऱ्यांचे, शिट्ट्या मारणाऱ्यांचे, पुलाच्या कठड्यावर बाटल्या घेऊन बसणाऱ्यांचे. घरी सांगितले तर धावणे बंद होणार, म्हणून सांगत नाहीत. त्रास देणारा मोकळा, सांगणारी घरात, हा हिशेब आपल्याला छेडछाडीच्या प्रत्येक प्रकरणात भेटलेला आहे.

तिसरी गोष्ट देवराईची. पाळीच्या दिवसांत बाईने देवराईच्या आत जायचे नाही, अशी रीत बऱ्याच ठिकाणी आहे. काही मुली त्या चार दिवसांत लांबून, दगडांतून, ओढ्याच्या अंगाने फिरून जातात. काही जणी पळतच नाहीत. मला देवराईबद्दल आदर आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या भागातल्या देवरायांचा अभ्यास करून जगाला सांगितले की सरकारने राखलेल्या जंगलात उरले नाही असे जुने रान लोकांनी देवाच्या नावाने राखले. कुऱ्हाड न्यायची नाही, वाळके लाकूडही उचलायचे नाही, हा नियम झाडे वाचवणारा आहे. तो आपण बायकांनी सर्वांत जास्त पाळलेला आहे, सरपणाची गरज आपल्यालाच असताना पाळलेला आहे. पण बाईच्या अंगाला विटाळ मानणारा नियम एकही झाड वाचवत नाही. हे दोन नियम वेगळे आहेत. एकाला हात लावला तर दुसरा मोडेल अशी भीती कोणी घातली तर ऐकू नका. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने शनिशिंगणापूरच्या प्रकरणात सांगितले की देवस्थानात प्रवेश हा बाईचा हक्क आहे, आणि तो राखणे सरकारचे काम आहे. गावात मात्र आपल्याला कोर्टाच्या भाषेत बोलून चालणार नाही. गावातल्या आज्यांशी बोलावे लागेल, आणि माझा अनुभव असा की आज्या आपल्याला वाटते त्यापेक्षा पुढे असतात.

चौथी गोष्ट सरकारची. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झाले. अभयारण्यात कोणी यायचे यावर कायद्याने निर्बंध आहेत. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांवर ते तसे लागू नाहीत. पण प्रत्यक्षात काय होते? भारा घेऊन येणाऱ्या बाईला अडवले जाते, धावणाऱ्या मुलीला 'इकडं काय करतेस?' असे विचारले जाते, आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या भरून आलेल्या पाहुण्यांना वाट दाखवली जाते. त्याच मुलीने उद्या वनरक्षकाची परीक्षा द्यावी म्हणून सरकार तिला ३ किलोमीटर पळायला सांगते. पळायला शिकायचे कुठे, हे सांगत नाही.

हे फक्त आपल्याकडेच नाही

बाईच्या धावण्याची भीती सगळ्या जगाला वाटत आली आहे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ८०० मीटर धावू दिले. शर्यत संपल्यावर काही जणी दमलेल्या दिसल्या. त्यावर वर्तमानपत्रांनी ओरड केली आणि बायकांची ती शर्यत बंद झाली ती थेट १९६० पर्यंत. दमलेल्या पुरुषांमुळे पुरुषांची शर्यत कधी बंद झाली नाही. आज आपली मुलगी पोलीस भरतीला जे ८०० मीटर पळते, ते तेच ८०० मीटर आहेत. १९६७ साली अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्विट्झर धावत होती तेव्हा एका अधिकाऱ्याने धावत येऊन तिला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला. बायकांना त्या शर्यतीत रीतसर प्रवेश १९७२ साली मिळाला, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती १९८४ साली.

आपल्या महाराष्ट्रात बघा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत. डोंगरवाटांवर अनवाणी धावणाऱ्या या मुलीने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी, शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या, नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावर सिनेमा निघाला. त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कार आहे. पण समाजाच्या टाळ्यांकडेही जरा बघा. नवऱ्यासाठी धावलेल्या बाईचे कौतुक होते. देशासाठी पदक आणलेल्या मुलीचे कौतुक होते. स्वतःसाठी धावणाऱ्या मुलीला मात्र अजून कारण विचारले जाते.

त्या गावात पुढे काय झाले

ज्या गावात धावणे बंद केले होते तिथे आम्ही महिला मंडळाची बैठक घेतली. भाषण केले नाही. देवळासमोर चुन्याने जमिनीवर वाट काढली. देऊळ, खाचरे, चढ, देवराई, पठार, सगळे काढले. प्रत्येकीच्या हातात खडे दिले आणि सांगितले, जिथे भीती वाटते तिथे खडा ठेवा. मुलींनी ठेवले, आयांनी ठेवले, आज्यांनीही ठेवले.

जंगलात सगळ्यांत कमी खडे पडले. देवराईच्या कडेला दोन-तीन. सगळ्यांत मोठा ढीग पडला तो वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथल्या पुलावर. तिथे संध्याकाळी आणि पहाटेही माणसे पीत बसायची. दुसरा ढीग पडला तो वाटेच्या एका वळणावर, जिथे घाणेरी इतकी माजली होती की दोन हातांपलीकडचे दिसत नव्हते. आज्यांनी एक गोष्ट सांगितली जी कोणालाच ठाऊक नव्हती. त्या वळणाला वळसा घालणारी जुनी वाट आहे, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तिनेच पाण्याला जात होत्या. झरा आटला आणि वाट मोडली.

त्यानंतर तीन कामे ठरली. मंडळाच्या बायकांनी दोन सकाळी श्रमदान करून घाणेरी तोडली आणि जुनी वाट मोकळी केली. धावायची वेळ पहाटेच्या अंधारातून उजाडल्यानंतर नेली, आणि त्यासाठी प्रत्येक घरात बोलावे लागले, कारण उजाडल्यावर मुलीच्या हाताला भाकरीचे आणि पाण्याचे काम असते. ते काम भावाने करायचे, हे ठरवायला बिबट्यापेक्षा जास्त वेळ लागला. तिसरे काम पुलाचे. त्यासाठी ग्रामसभेत दारूचा विषय घ्यावा लागला. त्याची भांडणे अजून चालू आहेत.

पाचही मुली परत धावू लागल्या असे सांगायला मला आवडले असते. एकीचे दरम्यान लग्न झाले. एकीला घरच्यांनी पाठवलेच नाही. तीन मुली आज धावतात. त्यांच्यामागे सातवी-आठवीतल्या काही मुली कोणी न सांगता धावायला लागल्या आहेत.

कायदा काय देतो

आता कामाचे बोलू. वनहक्क कायदा २००६ सालचा आहे. आपल्यातल्या अनेकींनी जमिनीचे दावे केले आहेत. पण या कायद्यात सामूहिक हक्कही आहेत. गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क, पिढ्यान्‌पिढ्या राखलेले जंगल सांभाळण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क, आणि परंपरेने उपभोगलेले इतर हक्क. सामूहिक हक्कांसाठी नमुना 'ब' आणि सामूहिक वनसंसाधनासाठी नमुना 'क'. त्यात नकाशा जोडला जातो. मी पाहिलेल्या बऱ्याच नकाशांवर हद्द आहे, ओढे आहेत, देवराई आहे. वाटा नाहीत. कारण नकाशा काढायला बसलेल्यांत बायका नव्हत्या.

कायदा म्हणतो की वनहक्क समितीत १० ते १५ सदस्य असावेत आणि त्यात किमान एक तृतीयांश बायका असाव्यात. या कायद्याखालच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका लागतात. म्हणजे आपण गेलो नाही तर सभाच होत नाही. एवढी ताकद आपल्या हातात आहे. पुराव्याचे नियम सांगतात की गावातल्या वडीलधाऱ्यांचे सांगणे लिहून घेतले तर तोही पुरावा धरला जातो. म्हणजे 'मी लग्न होऊन आले तेव्हा ही वाट होती' हे आजीचे वाक्य कागदावर घेतले की तो पुरावा आहे. त्याला दुसऱ्या पुराव्याची जोड द्या आणि नकाशावर प्रत्येक वाट नावासकट काढा.

याच कायद्यात गावाच्या सोयीसाठी वनजमीन देता येते अशा १३ गोष्टींची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पाण्याची टाकी, रस्ता, समाजमंदिर वगैरे. त्यात खेळाचे मैदान नाही. यादी करणाऱ्यांना आदिवासी मुलीला मैदान लागेल असे वाटले नसावे. ही मागणी आपण वर न्यायला हवी. पण तोवर वाट आहे, आणि तिच्यासाठी एक झाडही तोडावे लागत नाही.

एक सावधगिरी सांगते. जुन्नर तालुका २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. पाहुणे येतात, त्यातून काही घरांना रोजगार मिळतो, हे चांगले आहे. पण 'वाट नीट करा' या मागणीचा अर्थ डांबर टाका, दिव्यांचे खांब उभे करा, देवराईतून फरशी घाला, असा लावला गेला तर आपलेच नुकसान आहे. देवराईच्या पाल्यावर फरशी आली की मागून गाडी येते, गाडीमागून टपरी येते, आणि पुलावरचा खड्यांचा ढीग देवराईत जाऊन बसतो. आपल्याला वाट रुंद करून नको आहे, निर्धोक करून हवी आहे. आणि शहरातून शर्यती भरवायला कोणी आले तर त्यांनी आधी ग्रामसभेला विचारावे, आणि त्या वाटेवर गावच्या मुलीला फुकट धावू द्यावे, एवढी अट आपण घालू शकतो.

आता प्रत्येक मंडळाने करायच्या गोष्टी. पहिली, येत्या महिन्याच्या बैठकीत वाडीतल्या वाटा जमिनीवर काढा आणि खडे ठेवा. मुलींना आणि आज्यांना एकत्र बसवा, मधल्या पिढीने थोडे गप्प बसावे. दुसरी, ग्रामसभेआधी बायकांची सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. त्या सभेत वाटेचा ठराव लिहून घ्या, झुडपे कधी तोडायची, पुलावर कोण बसणार नाही, हे नावानिशी नाही तर निदान जागेनिशी लिहा. तिसरी, वनहक्काचा नकाशा परत उघडा. दावा अजून केला नसेल तर वाटांसकट करा. चौथी, धावताना तीनपेक्षा कमी मुली नसाव्यात, उजाडल्यावर निघावे, उसाची कड आणि दाट झुडूप टाळावे, बोलत, आवाज करत जावे. हे नियम मुलांनाही तेवढेच लागू करा. पाचवी गोष्ट घरातली आहे आणि तीच अवघड आहे. मुलीचा अर्धा तास तिच्या नावावर करा, आणि त्या वेळेतले तिचे काम घरातल्या पुरुषाच्या नावावर करा.

मावशी, तुम्ही विचारलेत, आता आणखी कशाला पळायचे. तुम्ही नका पळू. तुम्ही पुष्कळ पळालात. पण तुमच्या नातीला जुनी वाट कुठून जात होती ते दाखवा. ते तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. जेवणानंतर गटवार बसून आपण प्रत्येक गावाची वाट काढणार आहोत. चुना आणि खडे तिकडे ओट्यावर ठेवले आहेत.